ऑक्टोबर लागला की ४० एकरांवरची हरणं दिवसा गायब: तीन सीझन चुकल्यावर सापडलेलं कारण

जुलैत कॅमेऱ्यावर रोज हरणं, ऑगस्टमध्ये मखमली शिंगांचे चार-चार बक (नर) भर उजेडात एकत्र चरताना, आणि ऑक्टोबरचा दुसरा आठवडा आला की दिवसा एक नाही, फोटो येतात ते रात्री साडेअकरा, पावणेदोन, पहाटे चार असे. हरणांच्या शिकारीसाठी छोटी जागा नवीन घेतलेल्या प्रत्येकाकडून मी हेच ऐकतो, आणि माझ्याकडेही २०२१, २०२२, २०२३ असे सलग तीन सीझन हेच झालं. चौथ्या वर्षी फरक पडला. नेमकं काय बदललं ते सविस्तर लिहितोय कारण मी पैसे आणि वेळ दोन्ही भलत्याच ठिकाणी घातले, तसे तुमचे जाऊ नयेत.

जागा आहे अमेरिकेत, मिशिगनमध्ये, मेकोस्टा काऊंटीत. आम्ही राहतो नोव्हायला, तिथून गाडीनं अडीच तास. ४० एकर म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला केवढी मोठी जमीन वाटते, सोलापूरकडे ४० एकरवाला म्हणजे बागायतदार, पण हरणाच्या हिशेबात ही जागा अगदीच छोटी आहे. पाव मैल बाय पाव मैल, एक बाजू १३२० फूट. व्हाइटटेलचा (इथलं पांढऱ्या शेपटीचं हरण) मोठा नर साधारण एक चौरस मैलभर किंवा त्याहून जास्त फिरतो आणि एक चौरस मैल म्हणजे ६४० एकर, म्हणजे माझ्यासारखे सोळा तुकडे. त्यामुळे 'माझी हरणं' असं काही नसतंच, ती शेजाऱ्यांची पण असतात आणि मी फक्त त्यांच्या वाटेवरचा एक थांबा. हे मला पहिल्या दिवशी कळलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं.

जागेचा नकाशा डोळ्यासमोर आणा, कारण सगळं उत्तर त्याच्यातच आहे. दक्षिणेला रस्ता, रस्त्याला लागून आमचा जुना ट्रेलर. तिथून एक गाडीवाट सरळ उत्तरेला मधोमध जाते आणि दोन एकरांच्या जुन्या गवताच्या शेतात संपते. पश्चिमेला ओकची टेकाडी. ईशान्य कोपऱ्यात आठेक एकर दलदल, सीडर आणि आल्डरच्या झाडांची दाट गर्दी, आत माणूस कमरेत वाकूनच जाऊ शकतो. दिवसा हरणं तिथंच बसतात. पूर्वेला शेजाऱ्याचं मक्याचं शेत.

पहिल्या तीन वर्षांत मी काय काय केलं ते आधी सांगतो. हरणं दिसत नाहीत म्हणजे खायला कमी पडतंय, असं मी धरून चाललो. मग गवताच्या शेतातला प्लॉट, म्हणजे हरणांना खायला पेरलेला तुकडा, मोठा केला, महागाचं तयार बियाण्याचं मिश्रण आणलं, माती न तपासता पेरलं, ते पिवळं पडून बसलं. मग उशिरा शहाणपण आलं आणि मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या एक्स्टेंशनकडे मातीचा नमुना पाठवला तर पीएच ५.४, वाळूची आंबट जमीन, त्यात क्लोव्हर (तीन पानांचा चाऱ्याचा घास) कसा येणार, त्याला सहाच्या वर लागतो. चुना टाकला, पुढच्या वर्षी क्लोव्हर छान आला, सोबत सप्टेंबरच्या सुरुवातीला सिरीयल राय टाकली (गव्हासारखं धान्य येतं ती, मोहरीवाली राई नव्हे). प्लॉट हिरवागार झाला. हरणं खायला येतही होती, पण रात्रीच. म्हणजे खाण्याचा प्रश्न सुटला आणि मूळ प्रश्न जिथल्या तिथं.

दुसरी चूक कॅमेऱ्यांची. सहा कॅमेरे लावले आणि दर शनिवारी कार्ड काढायला सगळीकडे फिरायचो. एकदा तर दलदलीच्या अगदी काठावर लावला, कारण 'तिथंच तर असतात ना'.

आणि मक्याची पोती टाकायचं मनात आलं होतं हेही सांगतो, इकडे पेट्रोल पंपावर मका, गाजरं, बीट यांच्या पोत्यांची थप्पी विकायला ठेवलेली असते त्यामुळे माणसाला वाटतं चालत असेल. लोअर पेनिन्सुलात (मिशिगनचा दक्षिणेकडचा भाग, आमची जागा त्यातच) ३१ जानेवारी २०१९ पासून हरणांना खाणं घालायला आणि आमिष टाकायला बंदी आहे, अपंग शिकाऱ्यांसाठी काही सवलत आहे तेवढीच. कारण आहे सीडब्ल्यूडी, म्हणजे हरणांच्या मेंदूचा प्रायॉनमुळे (बिघडलेल्या प्रथिनामुळे) होणारा रोग, त्यावर औषध नाही, लाळेतून, लघवीतून, लेंड्यांतून पसरतो आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतो. मिशिगनच्या जंगली हरणांत तो २०१५ मध्ये पहिल्यांदा सापडला. एका ढिगाऱ्यावर वीस तोंडं लावायची म्हणजे रोगाला आमंत्रणच. पेरलेला प्लॉट चालतो, ढीग चालत नाही. अप्पर पेनिन्सुलातले नियम वेगळे आहेत, दुसऱ्या राज्यातले आणखी वेगळे, म्हणून दर सीझनआधी आपल्या राज्याच्या डीएनआरचं (नैसर्गिक संसाधन खात्याचं) त्या वर्षीचं नियमपत्रक वाचाच, मागच्या वर्षीचं धरून चालू नका.

आता निदान. हरणं दिवसा दिसत नाहीत याची तीन वेगवेगळी कारणं असू शकतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा, म्हणून आधी आपलं कुठलं ते ठरवायचं. एक म्हणजे तो बक खरंच गेलाय. सप्टेंबरच्या सुरुवातीला शिंगांवरची मखमल उतरते, उन्हाळाभर एकत्र राहणारे नर एकमेकांना सहन करेनासे होतात, टोळी फुटते आणि काही जण शरद ऋतूतल्या आपापल्या भागात निघून जातात, दीड वर्षाचे तरणे नर तर आईचा परिसर सोडून काही मैल लांब जातात. याच्यावर उपाय नाही, आणि उलट तुमच्याकडे दुसरीकडचे येतात. दुसरं, खाणं बदललंय. व्हाइट ओकचे एकॉर्न (ओकची फळं) सप्टेंबरपासून पडायला लागतात, त्यात कडवटपणा कमी, हरणं त्यासाठी हिरवा क्लोव्हर सोडून देतात. आणि तिसरं कारण म्हणजे आपण स्वतः.

ओळखायचं कसं तर कॅमेऱ्याच्या फोटोंवरून, शिंगांच्या ठेवणीवरून नर ओळखता येतो. तोच नर रात्री दिसतोय आणि दिवसा नाही, तर तो गेलेला नाही, तुम्हाला टाळतोय. नर पूर्ण गायब पण माद्या आणि पाडसं दिवसा चरतायत, तर तो जागा बदलून गेला. प्लॉट ओस पण ओकखाली ताज्या लेंड्या आणि फोडलेल्या एकॉर्नच्या टोप्या, तर खाणं बदललंय. आणि माद्यासुद्धा दिवसा बाहेर पडत नसतील तर नक्की समजा की जागेवर माणसाचा वावर जास्त होतोय. माझ्याकडे हेच शेवटचं होतं, तीनही वर्षं. मी फोटोंच्या वेळा वहीत लिहिल्या आणि शेजारी मी जागेवर गेलो ते दिवस लिहिले, तेव्हा स्वच्छ दिसलं. मी गेलो की पुढचे तीन-चार दिवस उजेडातला एकही फोटो नाही, आणि मी दर आठवड्याला जात होतो, मग उजेड यायचा कुठून? ऑबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी दक्षिण कॅरोलायनात नरांच्या गळ्यात जीपीएस पट्टे घालून हेच बघितलंय, स्टँडवर (शिकाऱ्याच्या मचाणावर) माणूस बसून गेला की त्यानंतर साधारण तीन दिवस नर दिवसा त्या स्टँडच्या आसपास फिरकत नाहीत.

वाऱ्याची गोष्ट मात्र आप्पांनी दाखवली. वडील सप्टेंबर २०२३ मध्ये इकडे आले होते, सांगोल्याकडचं आमचं घर, त्यांचं अर्धं आयुष्य मेंढरं आणि शेती यातच गेलं. त्यांना इथली शिकार पटवायला मला वेळ लागला कारण आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आणि ते योग्यच आहे. मी सांगितलं की इथं लांडगे राहिले ते अप्पर पेनिन्सुलात, खाली हरणं खाणारं मोठं जनावर फारसं नाही, हरणं इतकी वाढलीत की ओक आणि मेपलची रोपं गुडघ्याएवढी व्हायच्या आत खाल्ली जातात, सरकार स्वतः लायसन्स देऊन ठराविक महिन्यांत मारायला सांगतं आणि मांस आम्ही घरी खातो. ते ऐकून घेऊन म्हणाले, बरं, दाखव तुझं रान. गाडीवाटेनं आम्ही दोघं चालत निघालो, अर्ध्यात पोचलो नाही तोच दलदलीतून फुर्र असा जोराचा फुत्कार आला, मग आणखी एक, मग पांढऱ्या शेपट्या उंच करून पळापळ. आप्पा थांबले. वाटेच्या कडेला मिल्कवीडची बोंडं फुटलेली होती, त्यातली एक म्हातारी काढून त्यांनी हवेत सोडली. आपल्या रुईच्याच कुळातलं झाड आहे ते, त्यांनी बघताक्षणी ओळखलं. ती म्हातारी तरंगत तरंगत सरळ ईशान्येला, दलदलीकडे गेली.

"आरं, तू हितनं शिरतोयस आन् तुझा वास तुझ्या आधी तिथं जातोय. जनावराला काय डोळं लागत्यात व्हय?"

मिशिगनमध्ये या भागात वारा बहुतेक वेळा पश्चिम-नैर्ऋत्येचा. माझी वाट दक्षिणेकडून मधोमध. हरणं ईशान्येला. म्हणजे ज्या दिवशी मी सगळ्यात सोयीनं जात होतो त्याच दिवशी माझा वास शिस्तीत हरणांच्या बिछान्यावर पोचत होता. कपड्यांचा वास घालवणारे स्प्रे, खास साबण, वास शोषणारा कोळशाचा सूट, सगळं मी वापरलं होतं, त्याचा उपयोग वाऱ्यापुढे शून्य.

मग २०२४ ला असं केलं. दलदल आणि तिच्याभोवतीची पट्टी मिळून बारा-तेरा एकर पूर्ण बंद, वर्षभर कुणी जायचं नाही, फक्त मार्चमध्ये बर्फ वितळताना एकदा फेरी, तेव्हा गळून पडलेली शिंगंही सापडतात आणि हरणांच्या वाटा चिखलात स्पष्ट दिसतात. जखमी हरणाचा माग काढायची वेळ आली तरच आत. कॅमेरे सहाचे दोन केले आणि दोन्ही सेल्युलरवाले, फोटो फोनवर येतात, बॅटरी ऑगस्टमध्ये बदलली की डिसेंबरपर्यंत तिकडे जायची गरज नाही. आतली गाडीवाट ऑक्टोबर ते डिसेंबर पायी वापरायची बंद.

स्टँड प्लॉटच्या वायव्येला होता तो काढून आग्नेय कोपऱ्यात बांधला आणि वायव्येचा वारा असेल तरच त्यावर बसायचं असं ठरवलं, म्हणजे वास आग्नेयेला रस्त्याकडे निघून जातो. असा वारा थंडीची लाट येऊन गेली की मिळतो आणि हरणंही त्याच दिवसांत जास्त हालचाल करतात, त्यामुळे नुकसान काहीच नाही. जायची वाट पूर्वेच्या हद्दीनं, शेजाऱ्याच्या मक्याला लागून, दक्षिणेच्या अर्ध्या भागापुरती. प्लॉटच्या दक्षिण बाजूला आडोसा म्हणून इजिप्शियन व्हीट पेरलं, नावात गहू आहे पण ती ज्वारीचीच जात, मेअखेर जमीन तापली की पेरायची, पुरुषभर उंचीच्या वर जाते, मी तिच्या मागून चालत गेलो तर प्लॉटवरून दिसत नाही. फोटो पाठवल्यावर आप्पांचा पहिला प्रश्न कणसं भरली का.

नैर्ऋत्येचा वारा असला की काय करायचं, तर जायचंच नाही. हे सगळ्यात अवघड. अडीच तास गाडी चालवून शुक्रवारी रात्री पोचायचं आणि शनिवारी वारा उलटा, तर ट्रेलरमध्ये चहा पीत बसायचं किंवा मॅनिस्टी नॅशनल फॉरेस्टमध्ये सरकारी जमिनीवर जाऊन बसायचं. पण छोट्या जागेवर चुकीच्या वाऱ्याची एक बैठक म्हणजे पुढचा आठवडा गेला, मोठ्या रानात दुसरा कोपरा असतो, आपल्याकडे तो नाही.

एक गोष्ट मला मध्येच कळली आणि ती कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. वायव्येचा वारा असूनही दोन संध्याकाळी हरणांनी मला पकडलं. कारण असं की सूर्य खाली गेला की वारा पडतो आणि थंड हवा जड होऊन सखल भागाकडे वाहायला लागते, पाण्यासारखी. माझ्याकडे सगळ्यात सखल जागा म्हणजे तीच दलदल. म्हणजे दुपारभर बरोबर बसलेला माणूस शेवटच्या वीस मिनिटांत, जेव्हा हरणं बाहेर पडणार तेव्हाच, पकडला जातो. सकाळी उलट, ऊन तापलं की हवा वर चढते. आता मी खिशात मिल्कवीडच्या म्हाताऱ्यांची डबी ठेवतो आणि दर अर्ध्या तासानं एक सोडून बघतो, फोनवरचं हवामान सांगतं ते विमानतळावरचं, माझ्या झाडाखालचं नाही. वारा मरणार असं दिसलं की त्या संध्याकाळी बसतच नाही, वेगानं वाहणारा वारा असेल तरच जातो.

दुसरं म्हणजे परत यायचं कसं. अंधार पडताना प्लॉटवर सात-आठ हरणं चरतायत आणि तुम्ही झाडावरून खाली उतरलात तर सगळ्यांना कळतं की इथं माणूस बसतो, पुढची संध्याकाळ संपली. आम्ही असं करतो की मी मेसेज करतो आणि बायको पिकअप घेऊन हळू गाडीवाटेनं प्लॉटपर्यंत येते, हरणं गाडी बघून बाजूला होतात, मग मी उतरतो. गाडी त्यांना वर्षभर दिसते, त्यामुळे त्यांचा संबंध झाडावरच्या माणसाशी लागत नाही. दुसऱ्या दिवशी ती परत येतात, हे कॅमेऱ्यावर कितीतरी वेळा बघितलं.

निकाल काय. २०२४ मध्ये १ ऑक्टोबरला धनुष्याचा सीझन सुरू झाल्यापासून १४ नोव्हेंबरपर्यंत मी एकूण सहा वेळा बसलो, आधीच्या वर्षी वीसच्या वर होतं. माद्या पहिल्या आठवड्यापासून संध्याकाळी उजेडात प्लॉटवर. आणि माद्या असल्या की नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात माजावर आलेले नर त्यांच्या मागं येतातच, तिथं काही वेगळी कला लागत नाही. ११ नोव्हेंबरला पावणेपाचला साडेतीन वर्षांचा वाटणारा आठ टोकांचा बक अठरा यार्डांवर आला, बाण बरोबर लागला, ऐंशी यार्डांवर पडला. डोकं सीडब्ल्यूडी तपासणीला दिलं, निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये वेगळं ठेवलं, कारण प्रायॉन शिजवून मरत नाही आणि लागण झालेलं मांस खाऊ नये असं सीडीसी (अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था) सांगते. नोंद ७२ तासांच्या आत ऑनलाइन करावी लागते, ते विसरू नका.

माद्यांचं काय करायचं हा प्रश्न मला नेहमी विचारतात. ४० एकरांवर कळपाची संख्या आपण ठरवू शकत नाही, पण खाणं पुरतंय का एवढं बघता येतं. प्लॉटमध्ये तारेच्या जाळीचा गोल पिंजरा उभा करा, तीन-चार फूट व्यासाचा, आणि एक जंगलात. महिन्याभरानं आतला क्लोव्हर गुडघ्याला आणि बाहेरचा जमिनीला चिकटलेला असेल तर तोंडं जास्त झालीत. माझ्याकडे तसंच होतं, म्हणून डिसेंबरअखेरच्या अँटलरलेस (बिनशिंगांच्या हरणांच्या) सीझनला दोन माद्या घेतल्या. ऑक्टोबरमध्ये त्यांना मारायला बसलो असतो तर सगळी शांतता मोडली असती.

दिवसा हरणं जागेवरच थांबावीत म्हणून आडोसाही वाढवतोय. हिंज कट, म्हणजे झाड अर्धवट कापून आडवं पाडायचं, याचे व्हिडिओ बघून कुणी एकट्यानं करवत घेऊन जाऊ नका, खोड उभं चिरून अंगावर येतं, माणसं मेलीत याच्यात. मी कन्झर्वेशन डिस्ट्रिक्टच्या (जमीन-जंगलाबद्दल सल्ला देणारं स्थानिक कार्यालय) फॉरेस्टरला बोलावलं, त्यांनी तीन एकरांचा अॅस्पेनच्या झाडांचा जुना भाग दाखवला आणि म्हणाले हा हिवाळ्यात सपाट कापून टाका. अॅस्पेन मुळांवरून फुटतो, पूर्ण ऊन मिळालं की एकरी हजारो कोंब येतात, हरणांना खायलाही आणि लपायलाही. ओकला मात्र १५ एप्रिल ते १५ जुलै या काळात हात लावू नका, ओक विल्ट नावाचा रोग ताज्या जखमेतून शिरतो आणि रेड ओक त्याच उन्हाळ्यात मरतात.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. ऑक्टोबरचे पहिले दोन आठवडे प्लॉटवर नर येत नाहीत, कारण पश्चिमेच्या टेकाडीवर व्हाइट ओक आहेत आणि एकॉर्न भरपूर पडले की क्लोव्हरला विचारतो कोण. त्या टेकाडीवर सकाळी बसायचं तर पहाटे प्लॉट ओलांडून जावं लागतं आणि तेव्हा हरणं प्लॉटवरच असतात. त्यामुळे या मार्चच्या फेरीत पश्चिमेच्या हद्दीनं एक अरुंद वाट साफ करून पानं बाजूला सारून ठेवणार आहे, तिकडच्या शेजाऱ्यांची परवानगी घेतलीय, आणि आग्नेयेचा वारा असलेल्या सकाळी, टेकाडीच्या वायव्य उतारावर एक स्टँड लावून बघणार.